जर्मनीत धंदा, बेल्जियम-नेदरलँड्समध्ये काम: सीमेपलीकडे सेवा विकायला निघालेल्यांसाठी

जर्मनीच्या सीमेवरच्या आखेन शहरात बुशहोफ बसस्थानकावरून सिटीबस पकडली की ती सरळ नेदरलँड्समधल्या फाल्स गावात नेऊन सोडते. वाटेत चौकी नाही, पासपोर्ट नाही. मोबाइलवर नव्या देशाचा स्वागताचा मेसेज आला की कळतं, आलो. इथे काही वर्षं काढल्यावर माझी पक्की समजूत झाली होती की जिथे असं जाता येतं, तिथे कामही तसंच करता येत असणार.

ही समजूत बेल्जियममधल्या लिएजजवळच्या एका कारखान्याच्या फाटकावर, सकाळी साडेसहा वाजता उतरली. मी आणि माझा एक सहकारी, गाडीत हत्यारं, हातात सही केलेला करार आणि ए1, म्हणजे सामाजिक विम्याचा दाखला. फाटकावरच्या माणसाने करार उघडलासुद्धा नाही, ए1 बाजूला ठेवला आणि एकच शब्द विचारला, "लिमोसा?" मी सहकाऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. पुढचे तीन तास गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून, मोबाइलचं नेट लावून मी लिमोसाचा, म्हणजे बेल्जियममध्ये कामाला येत असल्याच्या आगाऊ नोंदीचा, अर्ज भरत होतो. आत शटडाऊन, म्हणजे देखभालीसाठी यंत्रं बंद ठेवण्याचा काळ, सुरू झाला होता आणि आमच्यासाठी बोलावलेल्या क्रेनचं भाडं तासावर चाललं होतं. चूक सर्वस्वी माझी.

आमची चार जणांची छोटी कंपनी आहे. पॅकिंग लाइनच्या पीएलसीचं (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) प्रोग्रॅमिंग, जोडणी, दुरुस्ती अशी कामं करतो. मी वकील नाही, करसल्लागारही नाही. पण ज्या क्रमाने मी ठेचा खाल्ल्या, तो क्रम उलटा करून लिहितोय, म्हणजे तुम्हाला आधी काय करायचं ते आधी कळेल. उदाहरणं जर्मनीहून बेल्जियम आणि नेदरलँड्सला जाण्याची आहेत, कारण मला तेवढंच नीट माहीत आहे. चौकट मात्र 27 देशांना सारखीच.

सुरुवातीला: एकच बाजार, मग इतके कागद का?

युरोपीय संघाच्या कामकाजाच्या करारातलं कलम 56 सांगतं की एका सदस्य देशात बस्तान असलेल्याला दुसऱ्या देशात सेवा देण्यापासून अडवायचं नाही. वाक्य सुटसुटीत आहे. पण मालाचं खोकं सीमा ओलांडतं तेव्हा फक्त खोकं ओलांडतं. सेवा ओलांडते तेव्हा तिच्याबरोबर माणूस जातो, त्याचा पगार जातो, त्याचा विमा, त्याची पदवी, सगळं जातं.

2004 च्या जानेवारीत युरोपीय कमिशनने सेवांसाठी कायद्याचा मसुदा आणला. तेव्हाचे आयुक्त फ्रित्स बोल्केस्टाइन यांच्या नावानेच तो ओळखला गेला. त्यातली मूळ कल्पना अशी की सेवा देणाऱ्याला त्याच्या मायदेशाचे, म्हणजे जिथे त्याचा धंदा आहे त्या देशाचे, नियम लागू राहतील. फ्रान्समध्ये यावरून रान उठलं आणि स्वस्तात काम करणारा 'पोलिश प्लंबर' हा तिथल्या राजकारणातला बागुलबुवाच झाला. शेवटी 12 डिसेंबर 2006 ला जो सेवा निर्देश मंजूर झाला, त्यातून मायदेशाच्या नियमांचं ते तत्त्व गाळलेलं होतं. 28 डिसेंबर 2009 पर्यंत सगळ्या देशांनी तो आपापल्या कायद्यात उतरवायचा होता. आज आपण जे कागद भरतो, ते बरेचसे त्या तडजोडीचं फळ आहे. मजुरीचे नियम जिथे काम तिथले, सामाजिक विमा मायदेशाचा, व्हॅट बहुतेक वेळा ग्राहकाच्या देशाचा.

म्हणून डोक्यात तीन वेगळ्या खिडक्या ठेवा: काम, माणूस आणि पैसा. आपल्याकडच्या तहसील कचेरीसारखंच आहे, एका खिडकीवरचा शिक्का दुसऱ्या खिडकीवर चालत नाही. लिएजच्या फाटकावर माझ्याकडे माणसाच्या विम्याचा कागद होता, त्यांना माणसाच्या येण्याची नोंद हवी होती. दोन्ही माणसाचेच कागद, तरी वेगळे.

1. सगळ्यात आधी पासपोर्ट बघा

बहुतेक इंग्रजी-जर्मन मार्गदर्शकांत ही पायरी शेवटी असते किंवा नसतेच, कारण ते युरोपीय वाचकांसाठी लिहिलेले असतात. आपल्यासाठी हीच पहिली.

कलम 56 चा हक्क सदस्य देशांच्या नागरिकांचा आहे. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचा फ्रीलान्स परवाना असेल, तर तुम्ही जर्मनीत बिनघोर धंदा करू शकता. त्याच परवान्यावर शेंगेनमध्ये 180 दिवसांत 90 दिवस फिरूही शकता. पण फिरणं वेगळं आणि काम करणं वेगळं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या ग्राहकाकडे जाऊन त्याच्या यंत्राला हात लावायचा हक्क त्या परवान्यातून मिळत नाही. गंमत म्हणजे संघात स्थायिक झालेल्या परदेशी नागरिकांनाही हा हक्क देता येईल, अशी तरतूद त्याच कलम 56 च्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. ती आजवर वापरलेली नाही.

मी फ्रीलान्स परवान्यावर होतो तेव्हा माझं मास्ट्रिख्टचं पहिलं काम असंच हातातून गेलं. वकिलाने पंधरा मिनिटांत सांगितलं, "तिथे जाऊ नका. इथे बसून करता येण्यासारखं असेल तर करा." अर्धं काम तसं करता आलं. प्रोग्रॅम आखेनमध्ये बसून लिहिला आणि पाठवला. सेवा एकटी सीमा ओलांडते तेव्हा व्हिसाचा प्रश्न येत नाही, फक्त व्हॅटचा येतो. तुमचं काम अनुवाद, हिशेब, डिझाइन किंवा सॉफ्टवेअरचं असेल आणि तुम्ही खुर्चीतून उठणार नसाल, तर पायरी 3 आणि 4 सोडून थेट पायरी 5 वर जा.

कंपनी असेल तर चित्र बदलतं. जर्मन कायद्याखाली स्थापन झालेली, संघात कार्यालय असलेली गेएमबेहा किंवा युजी (मर्यादित कंपनीचे दोन जर्मन प्रकार) ही सेवेच्या हक्कापुरती युरोपीय मानली जाते, मालकाचा पासपोर्ट कुठलाही असो. अशी कंपनी आपला भारतीय कर्मचारीही दुसऱ्या देशात कामाला पाठवू शकते. यामागे 9 ऑगस्ट 1994 चा फांडर एल्स्ट निकाल आहे. बेल्जियममधल्या एका कंत्राटदाराने आपले मोरोक्कन कामगार फ्रान्समध्ये रेंस इथे पाडकामाला नेले. फ्रान्सने त्याला, स्वतंत्र परवाना नाही म्हणून, दंड केला. युरोपीय न्यायालयाने सांगितलं की जे कामगार बेल्जियममध्ये कायदेशीर नोकरीत आहेत आणि काम संपल्यावर परत जाणार आहेत, त्यांच्यासाठी वेगळा काम-परवाना मागता येत नाही. तेव्हापासून आपल्यासारख्यांच्या कंपन्यांचा सगळा डोलारा त्या निकालावर उभा आहे.

अटी लक्षात ठेवा. कर्मचारी तुमच्याकडे खरोखर नोकरीत हवा, कागदावर उभा केलेला नको. त्याच्या जर्मन परवान्यात या नोकरीला मुभा हवी आणि परवान्याची मुदत काम संपेपर्यंत पुरायला हवी. काम 90 दिवसांच्या पुढे जाणार असेल तर त्या देशाचा राहण्याचा परवाना लागतो का, ते आधी तपासा. नेदरलँड्समध्ये लागतो.

एक पोटविषय. 27 जून 2024 पासून जर्मनीत साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि जुनं नागरिकत्व सोडा अशी जर्मनीची अट आता नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे आपला पासपोर्ट जमा करून ओसीआय घ्यावं लागतं. मी ते केलं. धंद्यासाठी केलं असं म्हणालो तर आई आजही रागावते, पण खरं कारण तेच होतं.

2. तुमची सेवा कुठल्या खान्यात बसते?

सेवा निर्देश सगळ्या सेवांना लागू नाही. बँक-विमा, वाहतूक, आरोग्यसेवा, खासगी सुरक्षा, जुगार, तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या एजन्सी, नोटरी हे सगळं बाहेर आहे. त्यांचे नियम वेगळ्या कायद्यांत. तुम्ही योगवर्ग घेता, केटरिंग करता, सॉफ्टवेअर बनवता, यंत्रं दुरुस्त करता, इमारतींचे नकाशे काढता, तर तुम्ही आत आहात.

आत असलात की यजमान देश, म्हणजे जिथे काम करायला जाता तो देश, तुमच्यावर उठसूट अट घालू शकत नाही. तात्पुरत्या सेवेसाठी आमच्या देशात ऑफिस उघडा, असं तो म्हणू शकत नाही. घातलेली अट सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य किंवा पर्यावरण या चारांपैकी एका कारणावर टिकली पाहिजे. प्रत्येक देशात परवान्यांसाठी एक खिडकी योजनाही असते. शोधायची असेल तर 'युअर युरोप' या अधिकृत पोर्टलवरून जा, गुगलवरून नको. गुगलवर वरचे दोन-तीन निकाल पैसे घेऊन तोच फुकटचा अर्ज भरून देणाऱ्यांचे असतात.

नियमन असलेला व्यवसाय असेल, म्हणजे वास्तुविशारद, फिजिओथेरपिस्ट, काही देशांत वायरमन किंवा पर्यटक मार्गदर्शक, तर 2005 चा व्यावसायिक पात्रतेचा निर्देश लागू होतो. तात्पुरत्या कामासाठी पूर्ण मान्यता घ्यायची गरज नसते. आधी एक लेखी घोषणा द्यावी लागते आणि ती वर्षाने नवी करावी लागते. जिवाशी संबंध असलेल्या व्यवसायांत पहिल्या वेळी पात्रता तपासली जाऊ शकते. तुमच्या व्यवसायावर मायदेशात नियमन नसेल, पण यजमान देशात असेल, तर मागच्या दहा वर्षांत एक वर्षाचा अनुभव दाखवायचा. त्यासाठी जर्मनीतलं हांडवेर्क्सकामर (कारागिरांचं मंडळ) किंवा आयएचके (उद्योग-व्यापार मंडळ) 'ईयू-बेशायनिगुंग' नावाचं प्रमाणपत्र देतं. फिजिओथेरपिस्ट, नर्स, फार्मासिस्ट, इस्टेट एजंट आणि गिर्यारोहण मार्गदर्शक या पाच व्यवसायांसाठी 2016 पासून इलेक्ट्रॉनिक व्यावसायिक कार्डही आहे.

एक सापळा: डिग्री भारतातली आणि मान्यता जर्मनीची असेल, तर ती जर्मन मान्यता पुढच्या देशात आपोआप चालेल असं धरू नका. अशांनी निघण्याआधी लेखी विचारावं.

3. ए1: माणसाच्या विम्याचा कागद

ए1 हे प्रमाणपत्र एवढंच सांगतं की या माणसाचा सामाजिक विमा जर्मनीत भरला जातोय, तुम्ही परत मागू नका. पाठवणी जास्तीत जास्त 24 महिने. किमान मुदत अशी नाहीच. एक दिवसाच्या बैठकीलाही कायद्याच्या अक्षरानुसार ए1 लागतो. लोक हसतात, पण बांधकामाच्या साइटवर तपासनीस आला की हसू जातं.

जर्मनीत कर्मचाऱ्यासाठी अर्ज पगाराच्या सॉफ्टवेअरमधून किंवा एसव्ही-मेल्डेपोर्टाल या सामाजिक विम्याच्या पोर्टलवरून, ऑनलाइनच करायचा. तो कर्मचाऱ्याच्या क्रांकेनकासेकडे, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विमा संस्थेकडे, जातो. खासगी विमा असेल तर साधारणपणे पेन्शन विमा संस्थेकडे. स्वतंत्र व्यावसायिकांनाही आता ऑनलाइनच. एकच माणूस वर्षभर नियमितपणे दोन-तीन देशांत काम करत असेल तर दर वेळी वेगळा ए1 मागू नका. डीव्हीकेए या संस्थेकडून अनेक देशांसाठीचा ए1 मिळतो. आम्ही दोन वर्षं दर फेरीला वेगळा काढत होतो, पगाराचं काम बघणाऱ्या बाई वैतागल्या होत्या.

भारतीय पासपोर्टवाल्यालाही ए1 मिळतो. संघात कायदेशीर राहणाऱ्या परदेशी नागरिकांना हे नियम 2010 च्या एका विनियमाने लागू झाले. अपवाद डेन्मार्कचा. तो विनियम डेन्मार्कला लागू नाही, म्हणून भारतीय कर्मचाऱ्याला कोपनहेगनला पाठवण्याआधी क्रांकेनकासेला फोन कराच.

4. यजमान देशात नोंद: लिमोसा आणि मंडळी

मी जिथे आपटलो ती हीच पायरी. कर्मचारी कामाला पाठवताना जवळजवळ प्रत्येक देशाला आधी कळवावं लागतं आणि प्रत्येकाचं पोर्टल वेगळं. बेल्जियमचं लिमोसा, फ्रान्सचं सिप्सी. नेदरलँड्सचं मार्च 2020 पासून सुरू झालेलं पोर्टल 'पोस्टेड वर्कर्स' याच नावाने चालतं. अर्ज फुकट. काम सुरू होण्याआधी भरलेला हवा, नंतर भरला तर नोंद होते आणि उशीर झाल्याचीही नोंद होते.

लिमोसाच्या अर्जात त्या दिवशी मी कुठे अडकलो ते सांगतो, कारण तुम्हीही तिथेच अडकाल. पहिलं, ग्राहकाचा बेल्जियन उद्योग क्रमांक. करारावर नुसतं नाव-पत्ता होता. सकाळी सात वाजता त्यांच्या ऑफिसात कुणी नव्हतं. दुसरं, संपर्काचा माणूस. तपासनिसाला कागद देऊ शकेल अशा एका माणसाचं नाव द्यावं लागतं. मी स्वतःचंच दिलं. तिसरं, कामाचं ठिकाण. ग्राहकाच्या बिलाचा पत्ता ब्रसेल्सचा आणि कारखाना लिएजजवळ. घाईत मी ब्रसेल्सचा टाकला, पावती छापताना लक्षात आलं, पुन्हा पहिल्यापासून. आता आम्ही करार करतानाच ग्राहकाकडून एक पानी फॉर्म भरून घेतो: उद्योग क्रमांक, व्हॅट क्रमांक, प्रत्यक्ष ठिकाणाचा पत्ता, तिथल्या माणसाचा मोबाइल. ते पान आलं नाही तर तारीख देत नाही.

नेदरलँड्समध्ये तुम्ही नोंद केली आहे की नाही हे ग्राहकाने तपासायचं असतं आणि चुकल्यास त्यालाही दंड होऊ शकतो. त्यामुळे डच ग्राहक स्वतःहून मागे लागतात. बेल्जियममध्येही लिमोसा दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही, ते यासाठीच.

एकटे असाल, कर्मचारी नसतील, तर सुटका आहे का? थोडीफार. बेल्जियममध्ये स्वतंत्र व्यावसायिकांना लिमोसा फक्त बांधकाम, मांसप्रक्रिया आणि साफसफाई या क्षेत्रांत लागतं. नेदरलँड्सचीही क्षेत्रांची यादी आहे, पण ती लांब आहे आणि त्यात धातुकामासारखी क्षेत्रंही येतात. पोर्टलवर आपला उद्योग कोड टाकून बघा.

आपणच विकलेल्या यंत्राची पहिली जोडणी आठ दिवसांत होत असेल, तर मजुरी आणि रजेच्या यजमान देशातल्या नियमांतून सूट मिळते. बांधकामाला ही सूट नाही. आणि दुसऱ्याने विकलेलं यंत्र आपण जोडत असू तर 'पहिली जोडणी' म्हणून खपवायचा मोह टाळा.

मजुरीबद्दल थोडक्यात: 30 जुलै 2020 पासून पाठवलेल्या कामगाराला यजमान देशातलं फक्त किमान वेतन पुरत नाही, तिथल्या कायद्याने किंवा सर्वांना बंधनकारक असलेल्या सामूहिक कराराने ठरलेले भत्तेही द्यावे लागतात. 12 महिन्यांनंतर, कारण कळवून मुदत वाढवली तर 18 नंतर, तिथला जवळजवळ सगळा कामगार कायदा लागू होतो. पगाराची चिठ्ठी, हजेरीचे तास आणि पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा साइटवर किंवा मोबाइलवर हवा.

ही सगळी पोर्टलं एकत्र करून एकच डिजिटल नोंद करावी, असा प्रस्ताव कमिशनने नोव्हेंबर 2024 मध्ये मांडला. तो देशांना ऐच्छिक आहे. मी फार आशा धरून बसलेलो नाही. 2017 मध्ये सेवांसाठी ई-कार्डाचाही प्रस्ताव आला होता, तो बारगळला.

5. बिल आणि व्हॅट

माझं पहिलं डच बिल 4,000 युरोचं होतं. सवयीप्रमाणे मी त्यावर 19 टक्के जर्मन कर लावला, एकूण 4,760. ग्राहकाच्या हिशेबनिसाने ते सभ्य शब्दांत परत पाठवलं: "वरचे 760 काढा." मला वाटलं घासाघीस करतोय.

नियम असा. ग्राहक दुसऱ्या सदस्य देशातला व्यावसायिक असेल तर सेवेचं ठिकाण त्याच्या देशात धरलं जातं आणि कर तोच आपल्या देशात भरतो. तुम्ही कर लावायचाच नाही. बिलावर तुमचा आणि त्याचा, दोघांचा व्हॅट क्रमांक हवा आणि करदायित्व ग्राहकावर असल्याचं वाक्य हवं. जर्मनमध्ये 'श्टॉयरशुल्डनरशाफ्ट देस लाइस्टुंग्सएम्फेंगर्स', डच बिलांवर 'बीटीडब्ल्यू फेरलेख्ट' लिहितात. चुकून जर्मन कर दाखवलात तर बिल दुरुस्त होईपर्यंत तो कर फिनान्सआम्टला (स्थानिक कर कार्यालयाला) तुम्हीच देणं लागता, ग्राहकाने दिलेला नसला तरी.

क्रमाने करायच्या गोष्टी:

- फिनान्सआम्टचा साधा कर क्रमांक पुरत नाही. केंद्रीय कर कार्यालयाकडून डीई आणि नऊ आकड्यांचा व्हॅट क्रमांक घ्या. फुकट आहे, पण वेळ लागतो. पहिलं काम हातात येण्याआधी घ्या.
- ग्राहकाचा क्रमांक व्हीआयईएस या संघाच्या पोर्टलवर तपासा आणि निकालाची प्रत बिलासोबत ठेवा. जुन्या ग्राहकाचाही क्रमांक अधूनमधून तपासा, क्रमांक रद्द होतात.
- दर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत 'त्सुझामेनफासेंडे मेल्डुंग' भरा. कुठल्या क्रमांकाला किती रकमेची सेवा दिली, एवढीच ती यादी. नेहमीच्या व्हॅट विवरणात हीच रक्कम रकाना 21 मध्ये जाते. दोन्हींत फरक पडला की पत्र येतं.

अपवादांत सगळ्यात फसवा अपवाद स्थावर मालमत्तेचा. इमारतीशी जोडलेल्या सेवेवर, इमारत जिथे आहे तिथला कर. लिफ्ट ही इमारतीचा भाग मानली जाते. कारखान्यातलं यंत्र, इमारत न तोडता-बदलता हलवता येत असेल, तर नाही. एका कामात आमच्याकडे पॅकिंग लाइन आणि तिच्या बाजूची माल चढवायची लिफ्ट, दोन्ही होतं. दोन वेगळी बिलं केली आणि लिफ्टच्या बिलासाठी करसल्लागाराला पैसे मोजले. ते वसूल झाले.

ग्राहक व्यावसायिक नसून सामान्य माणूस असेल तर साधारणपणे तुमच्याच देशाचा कर लागतो. ऑनलाइन कोर्सचे रेकॉर्डेड व्हिडिओ विकणाऱ्यांनी मात्र सांभाळावं. डिजिटल सेवांची इतर देशांतली सामान्य ग्राहकांची विक्री वर्षाला 10,000 युरोच्या वर गेली की कर ग्राहकाच्या देशाचा. प्रत्येक देशात नोंदणी करायची गरज नाही, जुलै 2021 पासून ओएसएस या एका नोंदणीतून सगळ्यांचा भरता येतो.

आणि क्लाइनउंटरनेमर (व्हॅटमधून सूट घेतलेले लहान उद्योजक) मंडळींनो, ज्यांना वाटतं आपला व्हॅटशी संबंधच नाही, तुम्ही आयर्लंडमधल्या कंपनीकडून जाहिरात घेता ना? त्या बिलावर कर नसतो, कारण तो तुम्ही जर्मनीत भरायचा असतो. आणि क्लाइनउंटरनेमर असल्यामुळे तो परतही मिळत नाही. पुण्याहून आलेल्या आमच्या एका केक बनवणाऱ्या मैत्रिणीला हे तीन वर्षांनी, व्याजासकट कळलं. दुसऱ्या देशातली लहान उद्योगांची करसवलत मात्र 1 जानेवारी 2025 पासून तुम्हालाही घेता येते. त्यासाठी संघभरातली एकूण उलाढाल 1 लाख युरोच्या आत हवी आणि ईएक्स अक्षरं जोडलेला क्रमांक घ्यावा लागतो.

6. करार, विमा, आणि पैसे अडकले तर

करारात कुठल्या देशाचा कायदा ते लिहा. लिहिलं नाही तर साधारणपणे सेवा देणाऱ्याच्या देशाचा धरला जातो, पण खटला मात्र जिथे सेवा दिली तिथल्या न्यायालयात जाऊ शकतो. धंद्याच्या दायित्व विम्याच्या पॉलिसीत 'युरोप' लिहिलंय की नुसतं 'जर्मनी', ते आजच बघा. आमच्यात जर्मनीच होतं.

बेल्जियम-नेदरलँड्समधल्या मोठ्या कारखान्यांत व्हीसीए हे सुरक्षेचं प्रमाणपत्र मागतात. जर्मन एससीसी असेल तर ते चालतं, पण फाटकावरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. एक ईमेल आधी टाका.

बिल थकलं तर उशिराच्या दिवसापासून युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किमान 8 टक्के बिंदूंनी जास्त व्याज आणि शिवाय ठरावीक 40 युरो मागता येतात. ग्राहक वाद घालत नाही पण पैसेही देत नाही, अशा वेळी 'युरोपीय पेमेंट ऑर्डर'चा, म्हणजे कोर्टाच्या वसुली आदेशाचा, अर्ज करा. डेन्मार्क सोडून सगळीकडे चालतो. 5,000 युरोच्या आतल्या वादासाठी छोट्या दाव्यांची वेगळी प्रक्रिया आहे, वकील सक्तीचा नाही. मी पेमेंट ऑर्डर एकदाच वापरली. अर्जाचा फॉर्म भरून त्याची प्रत नुसती ग्राहकाला पाठवली, चौथ्या दिवशी पैसे आले.

7. गाडीत ठेवायची पिशवी

- प्रत्येकाचा पासपोर्ट आणि जर्मन परवान्याचं मूळ कार्ड
- ए1, त्या देशाचं नाव असलेला
- लिमोसा किंवा त्या देशाच्या नोंदीची पावती
- करार, कामाच्या ठिकाणाच्या पत्त्यासह
- नोकरीचा करार, शेवटच्या पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे तास
- कंपनीच्या नोंदणीचा ताजा उतारा
- सुरक्षा प्रमाणपत्र, दायित्व विम्याचं पत्र
- युरोपीय आरोग्य विमा कार्ड, जे क्रांकेनकासेच्या कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं

हे सगळं मोबाइलवरही ठेवा, पण कागद सोडू नका. तळघरातल्या मशीनरूममध्ये नेट नसतं.

वेळेचा अंदाज: व्हॅट क्रमांकाला काही आठवडे, ए1 ला काही दिवस, नोंदीला अर्धा तास. सगळी माहिती हाताशी असेल तर.

8. तरीही अडवलं तर

कधीकधी यजमान देशाचं कार्यालयच चुकतं. जर्मन कागद मानत नाही किंवा नसलेली अट सांगतं. तेव्हा सॉल्व्हिट ही संघाची तक्रार सोडवणारी सेवा वापरा. 2002 पासून चालू आहे, प्रत्येक सदस्य देशात आणि शिवाय नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइनमध्ये त्याचं केंद्र आहे, फुकट आहे. आपला धंदा आहे त्या देशातल्या केंद्राकडे तक्रार टाकायची, ते समोरच्या देशातल्या केंद्राशी बोलतात. दहा आठवड्यांत तोडगा काढायचा असा त्यांचा दंडक आहे. दोन अटी: समोर सरकारी कार्यालय हवं, खासगी कंपनीशी भांडण चालत नाही. आणि तुम्ही आधीच कोर्टात गेलेले नसावेत. तक्रारीत भावना कमी, तारखा जास्त लिहा.

जाता जाता दोन देश, कारण लोक हमखास विचारतात. स्वित्झर्लंड या बाजारात नाही. तिथे वेगळ्या करारानुसार वर्षाला 90 दिवस काम करता येतं, पण ऑनलाइन नोंद कामाच्या आठ दिवस आधी लागते आणि भारतीय कर्मचारी त्याआधी किमान बारा महिने संघातल्या नोकरीत असावा लागतो. ब्रिटन 2020 संपताच या बाजारातून बाहेर पडलं, त्यामुळे लंडनच्या कामाला वर लिहिलेल्या पायऱ्या लावू नका. तिथे व्हिसापासूनच सगळं वेगळं आहे.